हार्लन कोर्टचं नाक

लिएंडर पेटीवेला वास येत नव्हता. गेली नऊ वर्षं अजिबात येत नव्हता. आणि हार्लन कोर्ट या सरकारी वसाहतीच्या नऊमजली इमारतीत सिगारेटचा धूर कुठून येतो हे हुंगून वहीत लिहायचं काम त्याच्याकडे होतं.

यातली गंमत त्याला कळत नव्हती असं नाही. रोज संध्याकाळी सहा वाजता तो निळं जॅकेट अंगात चढवायचा, आरशासमोर उभा राहायचा आणि स्वतःला म्हणायचा, "चला लिएंडर, आंधळ्याने चित्रांचं प्रदर्शन बघायला निघावं तसे निघा." मग जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून निघायचाही.

नाकाची हकिकत साधी होती. बफेलो शहराच्या बस डेपोत, सुट्या भागांच्या कोठारात त्याने बत्तीस वर्षं काढली. ब्रेकचे पट्टे, पंख्याचे बेल्ट, दिवे, नट, बोल्ट, प्रत्येकाला आकडा आणि प्रत्येकाला खण. अंधारातही हात घालून तो बरोबर बेल्ट काढून द्यायचा. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एका जानेवारीत डेपोच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरला आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटला. दोन टाके पडले. घरी आल्यावर बायकोने, ओझेलाने, कॉफी पुढे ठेवली. ती गरम पाण्यासारखी लागली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी परत येतो वास. तो आला नाही.

ओझेला होती तोवर बिघडलं काहीच नाही. दूध नासलं की ती सांगायची, शर्ट धुवायला झाला की ती सांगायची. नाक तिचं आणि तोंड याचं, असा त्यांचा संसार नीट चालला होता. निवृत्तीनंतर दोघं हार्लन कोर्टात चौथ्या मजल्यावर राहायला आली. चार वर्षांपूर्वी ओझेला गेली, आणि लिएंडरच्या नाकाचं गुपित माहीत असलेलं माणूस इमारतीत उरलं नाही. त्याने सांगितलंही नाही. वास येत नसलेल्या एकट्या म्हाताऱ्याला गॅसच्या शेगडीवर कोण ठेवील? ऑफिसवाले उचलून एखाद्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवतील, ही त्याची भीती. हे कारण तो स्वतःला सांगायचा. खरं कारण जरा लहान होतं. आपल्यात काही कमी आहे असं कुणाला कळलेलं त्याला चालत नसे.

सिगारेटबंदीची सूचना जुलैत दारादारांवर लागली. खोलीत ओढायची नाही, बाल्कनीत नाही, जिन्यात नाही. बाहेरसुद्धा इमारतीपासून पंचवीस फूट लांब जाऊन ओढायची. तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत सभा झाली. खुर्च्या कमी पडल्या, इतकी माणसं एरवी फक्त मोफत टर्की वाटतात तेव्हा यायची.

"भाडं मी भरतो," पाचव्या मजल्यावरचा एक जण उभा राहून म्हणाला. "खुर्ची माझी, फुफ्फुस माझं, धूर माझा."

"आणि भिंतीपलीकडे माझा नातू खोकतो तो कुणाचा?" तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजीने विचारलं.

"भिंत सरकारची. सरकारला विचारा."

हशा झाला. त्यात सगळ्यांत मोठ्याने हसणारा क्लिओटिस बॉ होता. सातव्या मजल्यावरचा, लिएंडरचा पत्त्यांमधला जोडीदार. खुब्याचं हाड तारेने बांधलेलं, हातात काठी, आणि वरच्या खिशात पाकीट. तो बसल्या जागेवरून व्यवस्थापक बाईंना म्हणाला, "मॅडम, लिफ्ट पंधरा दिवसांतून आठ दिवस बंद. माझ्या भिंतीवर बुरशीने नकाशा काढलाय. ते आधी करा. मग माझ्या फुफ्फुसांकडे सावकाश या, ती कुठे पळून जात नाहीत."

मग सहाव्या मजल्यावरच्या मिस अर्लीन स्टोक्स उभ्या राहिल्या आणि खोली गप्प झाली. शाळेच्या भटारखान्यात त्यांनी तीस वर्षं पोरांना जेवायला घातलं होतं, आणि म्हातारी झालेली ती पोरं त्यांना अजून घाबरत. त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं ओढली. नऊ वर्षांपूर्वी सोडली तेव्हा छातीत नळी घालून अकरा दिवस दवाखान्यात पडले होते. क्लिओटिस, बुरशीचं तू बरोबर बोललास. पण बुरशी तू रोज विकत आणत नाहीस."

टाळ्या पडल्या. लिएंडरनेही वाजवल्या. त्याचं मत दोन्ही बाजूंना होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला फरकच पडत नव्हता.

सभेनंतर व्यवस्थापक मिसेस वोइचिक त्याच्याकडे आल्या. रहिवाशांची गस्त पूर्वीपासून होती. लॉबीत टेबल टाकून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची नावं लिहायची. आता गस्तीने मजल्यांवरून फिरून धुराची नोंदही ठेवावी, असं त्यांचं म्हणणं होतं. मजला, दार, वेळ.

"तुमचं अक्षर सुंदर आहे, मिस्टर पेटीवे. नाक कसं आहे?"

"उत्तम," लिएंडर म्हणाला.

पुढे कित्येक दिवस तो या शब्दाचा विचार करत राहिला. 'तसं बरं आहे' म्हणता आलं असतं. 'वयाच्या मानाने' म्हणता आलं असतं. पण नाही. उत्तम.

पहिले तीन आठवडे त्याने प्रामाणिकपणे काढले. प्रत्येक दारापुढे थांबून, छाती फुगवून, दोन्ही नाकपुड्यांनी कॉरिडॉर आत ओढायचा आणि वहीत लिहायचं, 'काही नाही'. सकाळच्या पाळीवरची बाई पाच-पाच नोंदी करत होती. मिसेस वोइचिक म्हणाल्या, "संध्याकाळी काय सगळे देवळात जातात का?"

ते त्याला लागलं. बत्तीस वर्षांत कोठारातली एक वस्तू हिशेबाबाहेर गेली नव्हती, आणि इथे आपलं पान कोरं? मग लिएंडरने नाक सोडलं आणि डोकं लावलं. धूर दिसत नसेल, वास येत नसेल, पण माग तर राहतो. डिसेंबरात, सरोवरावरून वारा हाडं कापत येत असताना उघडी असलेली खिडकी. दारामागून येणारा तो विशिष्ट खोकला. आणि सगळ्यांत पक्का पुरावा म्हणजे दाराखालच्या फटीत खोचलेला ओला टॉवेल. धूर बाहेर जाऊ नये म्हणून ओढणारे टॉवेल लावतात, हे हार्लन कोर्टातल्या लहान मुलालाही ठाऊक होतं. टॉवेल दिसला की नोंद. लिएंडरच्या पानावर ओळी उमटू लागल्या, ताठ, एकसारख्या, कोठारातल्या खणांसारख्या. फेब्रुवारी येईपर्यंत अकरा दारं झाली होती.

त्यांत सहावा मजला, एफ दार होतं. मिस अर्लीनचं.

पहिल्यांदा तो टॉवेल दिसला तेव्हा लिएंडर दोन मिनिटं तिथे उभा राहिला. नऊ वर्षांनी पुन्हा सुरू केली बिचारीने, असं त्याच्या मनात आलं. दार वाजवून विचारावं असंही आलं. पण त्या ओशाळतील. आणि नियम म्हणजे नियम. कोठारवाल्याने ओळखीच्या माणसाला बेल्ट बाहेरच्या बाहेर द्यायचा नसतो. त्याने नोंद केली. चार आठवड्यांत चार वेळा केली. प्रत्येक वेळी स्वतःच्या निःपक्षपातीपणाने त्याला भरून आलं होतं, एवढं मात्र पुढे त्याने कुणाला सांगितलं नाही.

तीन नोंदींवर लेखी ताकीद जायची. चौथीवर सुनावणी, आणि सुनावणी विरुद्ध गेली की घर खाली करायचं.

*

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी मिस अर्लीन लॉबीत त्याच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात पत्र होतं.

"लिएंडर, हे वाच. माझा चष्मा खोटं बोलतोय की काय ते मला कळू दे."

चष्मा खोटं बोलत नव्हता. गुरुवारी सकाळी दहा वाजता, शहरातल्या ऑफिसात. घरात धूम्रपान, गस्तीच्या चार नोंदी.

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला घराबाहेर काढतायत," त्या म्हणाल्या. "जायचं कुठे? मुलगी अटलांटात एका खोलीत राहते. तिच्या सोफ्यावर मरू का मी? आणि कशासाठी, तर जी मी नऊ वर्षांत हातात धरली नाही त्या सिगारेटसाठी! ताकीद आली तेव्हा मी ती चुकून आली म्हणून फेकून दिली होती."

"मग... तो टॉवेल कशाला, मिस अर्लीन?"

"टॉवेल? अरे, धूर आत येऊ नये म्हणून! जिन्यातून लोट येतो रोज संध्याकाळी. माझं दार जिन्याला लागून. टॉवेल नसला तर रात्रभर छाती शिट्टी वाजवते. तू तर रोज जातोस तिथून. तुला येत असेलच ना वास?"

लिएंडरने पत्र घडी करून परत दिलं.

"गुरुवारी तू चल माझ्याबरोबर. बाकीच्या गस्तवाल्यांवर माझा भरवसा नाही, त्यातल्याच कुणीतरी हा उद्योग केलाय. तू सांग त्यांना, धूर जिन्यातून येतो म्हणून. तुझं ऐकतील. तुझ्या नाकावर वोइचिकबाईंचा फार विश्वास आहे."

"येतो," लिएंडर म्हणाला. दुसरं काय म्हणणार? टेबलाखाली त्याच्या मांडीवर ती वही उघडी होती.

धूर आत येऊ नये म्हणून. ज्या टॉवेलने धूर आतला आत राहतो, त्यानेच बाहेरचा बाहेरही राहतो, ही गोष्ट बत्तीस वर्षं रबरी पट्ट्या मोजलेल्या माणसाला सुचली नव्हती. पाणी दोन्हीकडून अडवणारी तसली पट्टी त्याने स्वतःच्या हातांनी हजारो बसगाड्यांसाठी काढून दिली होती. 'शाबास,' तो स्वतःला म्हणाला. 'तुला नाक असतं तरी तू ते चुकीच्या दाराला लावलं असतंस.'

त्या संध्याकाळी तो सहाव्या मजल्यावर गेला आणि मिस अर्लीनच्या दाराजवळच्या जिन्याचं जड दार पहिल्यांदाच ढकललं; लिफ्ट बंद असली की तो पलीकडच्या टोकाचा जिना वापरायचा. सातव्या मजल्याकडे जाणाऱ्या चौथ्या पायरीवर, उशी घेऊन, शेजारी काठी आणि कॉफीचा रिकामा डबा ठेवून क्लिओटिस बसला होता. ओठात सिगारेट.

"ये, इन्स्पेक्टर," क्लिओटिस म्हणाला. "आज आत यायचं कसं सुचलं?"

"रोज इथे बसतोस?"

"ऑक्टोबरपासून. लिफ्ट बंद, खुबा असा. सात मजले उतरून बर्फात पंचवीस फूट मोजत जाऊ, आणि परत चढू? तोवर अंत्यविधीची गाडी बोलावलेली बरी." त्याने राख डब्यात झटकली. "पण तुझे उपकार हं, लिएंडर. तू रोज या दारापलीकडे उभा राहून एवढा मोठा श्वास घ्यायचास की मला वाटायचं दार तुझ्या नाकात जातं. तरी कधी माझं नाव लिहिलं नाहीस. मी म्हटलं, याला म्हणतात दोस्त."

लिएंडर पायरीवर बसला. "मला वास येत नाही."

"अं?"

"मला वास येत नाही. नऊ वर्षं झाली."

क्लिओटिस आधी हसला. हसता हसता खोकला, खोकता खोकता भिंतीला टेकला, आणि डोळे पुसून म्हणाला, "थांब, थांब. म्हणजे सगळ्या हार्लन कोर्टात सगळ्यांत जास्त ओढणारा माणूस मी, आणि वहीत मी नाहीच?"

"तू दाराला टॉवेल लावत नाहीस."

"मी दारच वापरत नाही!" पुन्हा हसू. लिएंडर हसला नाही हे लक्षात आल्यावर ते थांबलं. "काय झालं?"

लिएंडरने सांगितलं. मिस अर्लीनचं नाव आल्यावर क्लिओटिसने सिगारेट विझवली. अर्धी शिल्लक होती, तरी विझवली.

"हे बघ," मग तो म्हणाला. "सोपं आहे. सांग, दाराचा आकडा चुकला. म्हातारं माणूस, चष्मा, कुणीही चुकतं."

"चार वेळा? माझ्या अक्षरात?"

"मग सांग, दुसऱ्या पाळीवाल्यांनी लिहिलं."

"क्लिओटिस."

"बरं बाबा. माझं नाव सांग मग. काढतील मलाच." पण हे म्हणताना त्याचा हात काठीकडे गेला होता. लिएंडर उठला. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर त्याला वाटलं की आकडा चुकला हेच सांगावं. सहापासून चौथ्या मजल्यापर्यंत ते त्याला चांगलं पटलं होतं. खोलीत शिरल्यावर शेगडी दिसली आणि नाकाबद्दल खरं बोललं तर ती जाईल हेही आठवलं. तो जेवला नाही.

*

गुरुवारी दोघं बसने गेली. मिस अर्लीन रविवारची टोपी घालून आल्या होत्या. वाटभर त्यांनी लिएंडरला काय बोलायचं ते तीनदा पढवलं, आणि त्याने तीनदा मान हलवली.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलामागे निर्णय देणाऱ्या बाई, बाजूला मिसेस वोइचिक, समोर ही दोघं. भिंतीशी हीटर तापत होता, खिडकीत फुलदाणी होती. मिसेस वोइचिकनी वहीचं पान पुढे सरकवलं.

"नोंद संध्याकाळच्या पाळीची आहे. अक्षर मिस्टर पेटीवेंचं. आमचे सर्वांत काळजीपूर्वक काम करणारे सदस्य."

मिस अर्लीननी पानाकडे पाहिलं. मग लिएंडरकडे. टोपीच्या कडेखालून आलेली ती नजर शाळेतल्या पोरांनी तीस वर्षं पाहिली होती.

लिएंडर उभा राहिला. खिशात त्याने दोन वाक्यं लिहून आणलेला कागद होता, तो काढायचं भानही राहिलं नाही. "या नोंदी खोट्या आहेत. म्हणजे लिहिल्या मीच. पण मला वास येत नाही. कशाचाच नाही. मी टॉवेल बघून लिहिलं."

मग निर्णय देणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर पेटीवे, शेजारणीसाठी खोटं बोलायला इथे बरेच जण येतात. मला सांगा, या खोलीत आत्ता कशाचा वास येतोय?"

लिएंडरने जुन्या सवयीने छाती भरून श्वास घेतला. काहीच नाही. मग त्याच जुन्या सवयीने इकडेतिकडे पाहिलं, आणि खिडकीतली फुलदाणी दिसली.

"फुलांचा," तो म्हणाला. "गुलाब असावेत."

मिसेस वोइचिक खाली बघू लागल्या. कान लाल झाले होते. हीटरवर त्यांचा जेवणाचा डबा गरम व्हायला ठेवला होता, आंबवलेल्या कोबीचा आणि लसणाच्या सॉसेजचा, आणि सकाळपासून त्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस दारातच एकदा थबकत होता.

"फुलं प्लास्टिकची आहेत," निर्णय देणाऱ्या बाई म्हणाल्या. ओठ घट्ट मिटून धरावे लागत होते त्यांना.

"आठ वर्षं!" मिस अर्लीन एकदम ओरडल्या. सगळे दचकले. "आठ वर्षं मी याला दर रविवारी ताट पाठवते! हॅमच्या हाडाबरोबर शिजवलेली कॉलर्डची पालेभाजी! पीच घालून भाजलेला गोड कॉबलर! आणि हा दारात उभा राहून डोळे मिटून म्हणतो, 'वा, मिस अर्लीन, काय सुवास!' कशाचा सुवास रे? कशाचा?"

"गोड आणि खारट कळतं," लिएंडर पुटपुटला. "आणि ऊन आहे का गार, ते."

"ऊन आहे का गार!" मिस अर्लीन खुर्चीत मागे टेकल्या. घर जाण्याचं पत्र आल्यापासून त्या इतक्या दुखावलेल्या दिसल्या नव्हत्या.

प्रकरण दहा मिनिटांत मिटलं. मिस अर्लीनवरची नोटीस रद्द. लिएंडरच्या सगळ्या नोंदी रद्द. जॅकेट ऑफिसात जमा करायचं. धूर जिन्यातून येतो याची ऑफिस वेगळी चौकशी करील. शेगडीचं काय, असं लिएंडरनेच शेवटी विचारलं, कारण वाट बघणं त्याला सोसत नव्हतं. मिसेस वोइचिक म्हणाल्या, "गॅस गळला की ओरडणारं यंत्र मिळतं, मिस्टर पेटीवे. मागितलं असतंत तर पहिल्याच दिवशी बसवलं असतं."

ओझेला गेल्यापासूनची चार वर्षं.

परतीच्या बसमध्ये मिस अर्लीन पुढच्या बाकावर बसल्या आणि शेजारच्या जागेवर पर्स ठेवली. लिएंडर दांडा धरून उभा राहिला. चार थांबे गेल्यावर त्या पुढे बघतच म्हणाल्या, "लिहिण्याआधी दार का नाही वाजवलंस?"

"तुम्हाला ओशाळवायचं नव्हतं."

"म्हणून घराबाहेर काढायला निघालास."

दोन थांब्यांनी त्यांनी पर्स मांडीवर घेतली. लिएंडर बसला, अर्धाच, काठावर.

"वहीत दारं किती?"

"अकरा. तुमचं धरून."

"मग दहा उरली. आज जायचंस. प्रत्येक दारी. टोपी काढून."

*

तो गेला. ही दोन तासांची फेरी त्याला गस्तीच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा लांब वाटली. प्रत्येक दारी तेच वाक्य: मला वास येत नाही, मी तुमच्याबद्दल खोटं लिहिलं, माफ करा.

पाचव्या मजल्यावरचा 'धूर माझा'वाला त्याच्याकडे बघतच राहिला. "पण मी ओढत होतो की."

"असाल. पण मला ते माहीत नव्हतं."

"म्हणजे तुम्ही खरं लिहिलंत त्याची माफी मागताय?"

"होय, बहुतेक."

"वेडे आहात तुम्ही, मिस्टर पेटीवे. आत या, कॉफी घ्या."

दहांपैकी सात दारांवर असंच झालं. लोक आपण होऊन कबूल करत होते. एक बाई तर म्हणाली, तुमच्या ताकिदीने माझ्या दिवसाला पाच कमी झाल्या, आता तुम्ही नोंद पुसलीत तर माझं कसं होणार? दोन दारं तोंडावर आपटली, आणि ते रास्त होतं. आठव्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याने टॉवेल लावला होता तो उंदरांसाठी. ते ऐकल्यावर लिएंडरने त्याची दोनदा माफी मागितली.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजीचं नाव वहीत नव्हतं, पण बातमी तिथवर पोचली होती. ती दारातच उभी होती, नातवाचा दम्याच्या वाफेचा मास्क हातात घेऊन. "छान केलंत," ती म्हणाली. "मिस अर्लीनचं घर वाचलं, मला आनंद आहे. आता सगळे पुन्हा आपापल्या खोलीत ओढणार. माझ्या पोराचं काय? त्यासाठी कुणाच्या दारी टोपी काढणार?"

लिएंडर सरळ सातव्या मजल्यावर गेला आणि क्लिओटिसला म्हणाला, "ऊठ. टोपी घे."

क्लिओटिसने मिस अर्लीनच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. पायरी, उशी, डबा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऑफिसच्या चौकशीचं नाव काढलं नाही.

"आजपासून जिन्यात नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, मिस अर्लीन."

"सोडणार आहेस?"

"खोटं बोलू का?"

"नको. आज पुरे झालं खोटं. मग खाली जायचं. पंचवीस फूट."

"आणि लिफ्ट बंद असली तर? हा खुबा..."

"लिएंडर नेईल तुला हाताला धरून. रोज. सात मजले खाली आणि सात मजले वर. त्याला आता संध्याकाळी दुसरं काम नाही."

लिएंडरने तोंड उघडलं. मिस अर्लीननी त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंदच होती. एका हातात क्लिओटिसचा दंड, दुसऱ्यात उशी, अशी दोघं खाली आली तेव्हा लिएंडरला धाप लागली होती आणि क्लिओटिसला नव्हती. बाहेर वारा सुटला होता. लिएंडर इमारतीच्या भिंतीपासून पावलं टाकत गेला. त्याचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं, हे त्याने कोठारात केव्हाच मोजून ठेवलं होतं. दहाव्या पावलावर, घोटाभर बर्फात तो थांबला.

"इथे."

"अजून एक टाक," क्लिओटिस म्हणाला. "तुझ्या मोजमापावर माझा आता विश्वास नाही."

लिएंडरने आणखी एक पाऊल टाकलं. क्लिओटिसने सिगारेट पेटवली आणि धूर दुसरीकडे सोडायला मान वळवली. वाऱ्याने तो सगळा आणून लिएंडरच्या तोंडावर टाकला.

"त्रास होतोय का रे?"

"छे," लिएंडर म्हणाला. "मला कुठे काय कळतंय. पण लवकर आटप, पाय गारठले."